त्याच्या नावाचं सिम, दुसऱ्याच्या खिशात

"त्याला मोबाइल कशाला? आम्ही आहोत की." बिदर, भालकी, औरादकडच्या मराठी घरांत हे वाक्य इतक्या मायेने बोललं जातं की त्याला हरकत घेणारा आपोआप निर्दयी ठरतो. बोलणारी आई असते, थोरला भाऊ असतो, कधी विशेष शाळेतून निवृत्त झालेले गुरुजी असतात. ज्याच्याविषयी बोलणं चाललेलं असतं तो तिथेच बसलेला असतो. पस्तिशीचा, मिशा राखलेला, बौद्धिक अपंगत्वाचं प्रमाणपत्र असलेला माणूस. त्याला काय वाटतं हे विचारायचं कुणाच्या मनातही येत नाही.

मला या वाक्याशी भांडायचं आहे. मायेशी नाही, त्या मायेतून काढलेल्या निष्कर्षाशी.

मुळात प्रश्नच चुकीचा मांडला जातो. 'त्याला डिजिटल जगात आणायचं का?' असं आपण विचारतो, जणू तो अजून उंबऱ्याबाहेर उभा आहे. त्याला कधीच आत ओढलंय. आधारसाठी त्याच्या दहा बोटांचे ठसे आणि डोळे देऊन झालेत. पेन्शन थेट बँकेत जमा होते. अपंगत्वाचं यूडीआयडी कार्ड ऑनलाइन अर्जावर निघतं. रेशनला अंगठा लागतो. खात्याला जोडलेलं सिमसुद्धा पुष्कळदा त्याच्याच आधारवर घेतलेलं असतं. फक्त ते सिम भावाच्या फोनमध्ये असतं, ओटीपी भावाला येतो, आणि खात्यात काय आलं नि काय गेलं हे सोडून बाकी सगळं खातेदाराला माहीत असतं. भाऊ चोर आहे असं मी म्हणत नाही; बहुतेक भाऊ नसतातच. पण एखाद्या घरात असला, तर ते कळायची कुठलीही सोय आपण ठेवलेली नाही. ज्याचे पैसे गेले त्याला पैसे होते हेच ठाऊक नसेल, तर तक्रार कोण करणार?

उदाहरणादाखल नौबाद घ्या; ते बिदर शहराला लागूनच आहे. बाहेरचे लोक तिथे बहमनी काळातली सुरंग बावी बघायला येतात. तिथे राहणाऱ्याला दिसतो तो रस्ता, चहाची हॉटेलं, गॅरेजं आणि प्रत्येक टपरीला चिकटवलेला क्यूआर कोड. या क्यूआरने आपल्या माणसाचं काय केलं ते पाहा. पूर्वी आई त्याच्या हातात पन्नासची नोट द्यायची आणि साखर आणायला पाठवायची. दुकानदार ओळखीचा असे, उरलेले पैसे पुडीत बांधून देई. त्याला वजाबाकी येत नव्हती, पण दुकान येत होतं, रस्ता येत होता, "अण्णा, साखर" म्हणणं येत होतं. आता सुट्टे पैसे नाहीत म्हणून दुकानदार कुरकुरतो आणि घरातलं कुणीतरी जाता-येता स्कॅन करून सामान घेऊन येतं. पन्नासची नोट गेली, तिच्याबरोबर ती रोजची फेरी गेली. म्हणजे मोबाइल न देऊन आपण त्याला होता तिथेच ठेवलं असं होत नाही. तो होता तिथून मागे गेला. जग पुढे सरकत असताना माणसाला जागच्या जागी बसवून ठेवणं हाही एक निर्णयच असतो, आणि तो आपण घेतलेला आहे.

आता सगळ्यात वजनदार आक्षेप. "फसवतील त्याला." बरोबर आहे, फसवतील. पण फसवणुकीवरून आपण कुणाचे फोन काढून घेतो आणि कुणाचे नाही? २०२४ मध्ये लुधियानाच्या वर्धमान समूहाचे प्रमुख एस. पी. ओसवाल यांना ठगांनी 'डिजिटल अरेस्ट'च्या नावाखाली कॅमेऱ्यासमोर बसवून ठेवलं, सर्वोच्च न्यायालयाची खोटी सुनावणी उभी केली, सरन्यायाधीशांचं सोंग घेतलं आणि सात कोटी रुपये उकळले. पद्मभूषण मिळालेला, हजारो माणसांना रोजगार देणारा, ऐंशी ओलांडलेला उद्योगपती. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये पंतप्रधानांना 'मन की बात'मध्ये या फसवणुकीबद्दल देशाला सावध करावं लागलं. उद्योगपतींना, डॉक्टरांना, निवृत्त अधिकाऱ्यांना यापुढे साधा फोनही देऊ नये, असं त्यावर कुणी म्हटलं का? शहाण्याला फसवलं तर दोष ठगाचा, आणि याला फसवलं तर दोष याच्या बुद्धीचा. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात ती हीच.

रॉबर्ट पर्स्की नावाच्या अमेरिकन लेखकाने १९७२ मध्ये, बौद्धिक अपंगत्व असलेल्या लोकांविषयीच लिहिताना, एक साधी गोष्ट मांडली होती: माणसाला धोक्यापासून पूर्ण वाचवलं तर त्याची माणूस म्हणून असलेली प्रतिष्ठाही काढून घेतली जाते. पन्नास वर्षं होऊन गेली. आपण अजून 'जपून ठेवा' याच ठिकाणी आहोत.

आणि जपण्याच्या नावाखाली आपण सुरक्षेची खरी साधनं कुणाला समजावून सांगतच नाही. यूपीआय लाइट घ्या. फोनमधल्याच एका छोट्या पाकिटात थोडे पैसे भरून ठेवता येतात आणि त्यातून एका वेळी हजार रुपयांपर्यंतचा खर्च पिनशिवाय होतो. पाकिटाची कमाल मर्यादा पाच हजारांची आहे. तुम्ही दोनशेच भरा. भरताना पिन लागतो, तो आईच्या देखत भरू दे. मग त्या पाकिटातून जास्तीत जास्त नुकसान किती? दोनशे रुपये. पन्नासची नोट हरवायची तेव्हा असाच तर धोका आपण रोज पत्करत होतो. ऑगस्ट २०२४ मध्ये यूपीआय सर्कल आलं. त्यात एकाच्या खात्यातून दुसऱ्याला मर्यादेत खर्च करू देता येतो, किंवा प्रत्येक खर्चाला मूळ खातेदाराची मंजुरी घेता येते. यातली मेख अशी की खातं मूळ माणसाचं असतं, म्हणजे आपला माणूस भावाच्या पैशावर जगणाराच राहतो. शिकाऊ काळापुरतं ते ठीक आहे. पेन्शन मात्र त्याच्या खात्यातच असावी आणि छोट्या रकमेची कळ त्याच्याच बोटाखाली.

शिकवायचं काय, तर 'सावध राहा' हे नाही. ते कुणालाच शिकता येत नाही, ओसवालांनाही आलं नाही. शिकवायचा तो एक पक्का नियम: पैसे घ्यायला पिन लागत नाही. पिन मागितला की फोन ठेवायचा आणि घरातल्याला हाक मारायची. हे नाटक करून शिकवावं लागतं. शिकवणारी ताई ठग होते, फोन लावते, गोड बोलते, घाबरवते; तो फोन ठेवतो. पुन्हा, आणि पुन्हा. शिवाय १९३० हा सायबर तक्रारीचा नंबर फोनच्या पहिल्या पानावर, चित्रासकट. इथे रिझर्व्ह बँकेचं जुलै २०१७ चं परिपत्रक घरातल्यांनी समजून घ्यायला हवं. तिसऱ्याच कुणाच्या घुसखोरीने पैसे गेले आणि तीन कामकाजाच्या दिवसांत बँकेला कळवलं, तर ग्राहकाची जबाबदारी शून्य. स्वतःच पिन सांगून बसला असेल, तर बँकेला कळवेपर्यंतचं नुकसान त्याचं. दोन्हीकडे किंमत आहे ती लवकर सांगण्याला. मग विचार करा, लवकर कोण सांगेल? ज्याला फोन हक्काने दिलाय तो, की ज्याने चुलतभावाचा फोन चोरून घेतलाय आणि सांगितलं तर मार बसेल हे ज्याला पक्कं माहीत आहे तो?

मुलीच्या बाबतीत हा आक्षेप दहापट जोराने येतो, आणि त्यातली भीती खोटी नाही. अनोळखी माणूस, फोटो, गोड बोलणं, घरात कुणी नसताना आलेला व्हिडिओ कॉल. पण बंदीने तिच्या हाती काय उरतं? 'नको' कसं म्हणायचं, नंबर बंद कसा करायचा, आपला फोटो कुणाला पाठवायचा नाही, आणि झालंच काही तर कुणाला दाखवायचं, यातलं काहीच नाही. शरीराचे कुठले भाग कुणी बघायचे नाहीत हे आपण तिला शिकवतो, निदान शिकवायला हवं. तोच धडा फोनवर पुढे नेणं म्हणजे बिघडवणं नव्हे. आणि धोका नेहमी बाहेरूनच येतो असं समजणाऱ्यांनी जरा गावाकडे डोळे उघडून पाहावं. घरातल्याच कुणाची भीती वाटली तर तिने आत्याला फोन कुठून लावायचा?

दुसरा आक्षेप, "त्याला शिकताच येणार नाही." हे म्हणणाऱ्याला माझा एकच प्रश्न असतो: शिकवलं कुणी, आणि कुठल्या भाषेत?

१९७०च्या दशकात अमेरिकेत मार्क गोल्ड नावाच्या शिक्षकाने मध्यम आणि तीव्र बौद्धिक अपंगत्व असलेल्या लोकांना सायकलचा ब्रेक जुळवायला शिकवला. पंधरा सुटे भाग, ठरलेला क्रम. तोपर्यंत अशा माणसांच्या हातात पाकिटं भरण्यापलीकडचं काम क्वचितच कुणी देई. गोल्डचं म्हणणं होतं की माणूस शिकला नाही तर शिकवण्याची पद्धत बदला, माणसाला नापास करू नका. गंमत म्हणजे ही पद्धत आपल्याकडच्या विशेष शिक्षणाच्या पदविकेतही शिकवतात. काम बारीक पायऱ्यांत तोडायचं आणि वाटल्यास शेवटच्या पायरीपासून सुरुवात करायची. क्यूआरवर पैसे द्यायचे असतील तर फोन उघडणं, स्कॅन करणं, रक्कम टाकणं हे सगळं आधी ताई करते. शेवटची कळ तो दाबतो. दाबली की दुकानदाराचं यंत्र मोठ्याने ओरडतं: एवढे एवढे रुपये मिळाले. पहिल्याच दिवशी काम पूर्ण झाल्याची खूण कानावर येते. मग शेवटच्या दोन पायऱ्या त्याच्या, मग तीन. कुठल्याही विशेष शाळेने याहून चांगलं बक्षीस शोधून दाखवावं. एटीएम वापरणं, दुकानात पैसे देणं या गोष्टी चित्रांच्या आणि छोट्या व्हिडिओंच्या मदतीने शिकवल्याचे अभ्यास जगभर झाले आहेत. बौद्धिक अपंगत्व असलेल्यांतले बहुसंख्य लोक सौम्य गटात मोडतात, म्हणजे साधारण पन्नास ते सत्तरच्या दरम्यानच्या बुद्ध्यंकाचे. 'त्यांना जमणारच नाही' हे या बहुसंख्यांविषयी बोलताना निव्वळ आळसाचं वाक्य आहे.

भाषेचं प्रकरण मात्र आपल्या भागाचं स्वतःचं, आणि त्याकडे कुणी बघत नाही. १९५६ मध्ये जुना बिदर जिल्हा तीन राज्यांत वाटला गेला. उदगीर, अहमदपूर, निलंगा आजच्या महाराष्ट्राकडे गेले, नारायणखेड-जहीराबाद आंध्राकडे, आणि बिदर, भालकी, औराद इकडे, आजच्या कर्नाटकात राहिले. या वाटणीवर आपण सत्तर वर्षं भाषणं केली. पण तिचा सगळ्यात बारीक चटका ज्याला बसतो त्याचा उल्लेख एकाही भाषणात ऐकला नाही. त्याच्या घरात मराठी. रस्त्यावर दखनी. नाडकचेरीत कन्नड. बँकेचा मेसेज इंग्रजीत. आईने पाटीवर शिकवलेला देवनागरी पाच वेगळा, फोनवरचा इंग्रजी पाच वेगळा आणि एसटीच्या पाटीवरचा कन्नड पाच आणखी वेगळा. तुम्ही-आम्ही हे तीन पाच एकाच खणात टाकतो आणि विसरून जातो. त्याच्यासाठी ती तीन चित्रं आहेत, आणि तिन्ही चित्रं पाचच हे त्याला कुणी शिकवलेलं नाही. वर आपण प्रमाणपत्र देतो की याला आकडे येत नाहीत. अहो, त्याला पाटीवरचे आकडे येत होते. तुम्ही पाटीच बदललीत.

उपाय आकाशातून आणायचा नाही. फोनची भाषा मराठी करता येते, पैशांच्या बहुतेक अ‍ॅपमध्ये मराठी आहे, आकडे मात्र सुरुवातीपासून इंग्रजी आकारातलेच शिकवावेत, कारण फोनवर तेच भेटणार, आणि नोटांवरही ते असतातच. आणि शिकवणारी व्यक्ती मराठी बोलणारी हवी. यात कन्नडला विरोध नाही. त्याच्या भावाला चार भाषा येतात म्हणून त्यालाही चार भाषांतून शिकवायचं हा हट्ट सोडा, एवढंच.

अपयशाचा मोठा वाटा अ‍ॅप बनवणाऱ्यांच्या पदरात टाकायला हवा. ओटीपी तीस सेकंदांत टाका, वाकडी-तिकडी अक्षरं ओळखा, डोळे मिचकावा. वेब सुगम्यतेच्या जागतिक नियमांच्या ऑक्टोबर २०२३ च्या आवृत्तीत स्पष्ट म्हटलं आहे की लॉगिन करताना माणसाच्या स्मरणशक्तीची किंवा कोडी सोडवण्याची परीक्षा घेऊ नये, घेतलीच तर दुसरा मार्ग द्यावा. आपल्या सरकारी संकेतस्थळांची मार्गदर्शक तत्त्वं त्याच्या आधीच्या आवृत्तीवर बेतलेली आहेत, तिथे हा नियम नाही. ३० एप्रिल २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने प्रज्ञा प्रसून खटल्यात डिजिटल सेवांपर्यंत पोहोचणं हा घटनेच्या अनुच्छेद २१ खालचा, म्हणजे जगण्याच्या हक्काचा भाग ठरवला. अ‍ॅसिड हल्ल्यात डोळे भाजलेल्यांना केवायसीसाठी डोळे मिचकावायला सांगितलं जात होतं, त्यातून ते प्रकरण उभं राहिलं होतं. डोळे मिचकावता न येणाऱ्या माणसाला नियम वाकवून मिळतो, तर हळू वाचणाऱ्याला आणखी दोन मिनिटं का मिळू नयेत?

तिसरा आक्षेप कायद्याचा. "तो सज्ञान नाही, पालक आम्हीच." इथे लोकांच्या मनात 'चौकट राजा' घर करून बसलाय. १९९१ च्या त्या चित्रपटात दिलीप प्रभावळकरांनी नंदू इतका अप्रतिम उभा केला की महाराष्ट्राने आणि सीमाभागाने बौद्धिक अपंगत्व म्हणजे मोठ्या देहातलं निरागस मूल अशी गाठच मारून टाकली. त्यात चूक चित्रपटाची नाही, आपली आहे. कारण २०१४ मध्ये 'यलो' आला, त्यात डाउन सिंड्रोम असलेली जलतरणपटू गौरी गाडगीळ स्वतःचीच भूमिका करत होती, आणि तरी आपल्या डोक्यातला नंदू हलला नाही. कायदा मात्र हलला. २०१६ च्या अपंग व्यक्ती हक्क कायद्याचं कलम १३ सांगतं की अपंग व्यक्तीला इतरांइतकाच मालमत्ता बाळगण्याचा आणि आपला पैसा सांभाळण्याचा हक्क आहे. मदत करणाऱ्याने दबाव आणू नये, आणि जिथे त्याचा स्वतःचा स्वार्थ असेल त्या व्यवहारापुरती मदतच करू नये. ही दोन वाक्यं वाचून पाहा आणि मग सांगा, ओटीपी कुणाच्या फोनवर यायला हवा.

खेदाची गोष्ट ही की कायदा एका हाताने देतो आणि दुसऱ्याने काढून घेतो. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्याच्या कलम ९ मध्ये मूल आणि 'कायदेशीर पालक असलेली अपंग व्यक्ती' एकाच ओळीत बसवले आहेत. दोघांचीही माहिती वापरण्याआधी पालकाची संमती घ्यायची. चाळीस वर्षांच्या माणसाचा 'हो' किंवा 'नाही' तिथे मोजलाच जात नाही. म्हणजे आईबापाने कागदपत्रांच्या सोयीसाठी पालकत्वाचं प्रमाणपत्र काढलं, तर फोनवरचं एखादं खातं उघडतानाही तो पुन्हा मूल होतो. त्याची माहिती जपली गेली, पण त्याचं मत गेलं.

"आधी आंघोळ, कपडे, शौच हे तर येऊ द्या," असंही म्हणतात. यायलाच हवं. पण पस्तिसाव्या वर्षी आंघोळ येत नाही म्हणून फोनही नाही, हा दंड कुठल्या हिशेबात? आणि ज्यांना आंघोळ येते त्यांच्या पदरी वर्षानुवर्षं काय पडलं? मेणबत्त्या, कागदी पिशव्या, दिवाळीच्या पणत्या. हस्तकौशल्याला माझा विरोध नाही. पण प्रदर्शनात पणती रंगवणारा तो असतो आणि टेबलावरचा क्यूआर संस्थेचा असतो, हे चित्र कुणाला खटकत कसं नाही?

सरकारनेही आपली जबाबदारी मोठ्या खुबीने झटकली. पीएमजीदिशा ही डिजिटल साक्षरतेची योजना २०१७ मध्ये सुरू झाली आणि ३१ मार्च २०२४ ला संपली. सहा कोटी एकोणचाळीस लाख लोकांना प्रशिक्षण दिल्याचं सांगितलं जातं. कागदावर अपंगांना प्राधान्य होतं. पण नियम होता घरटी एकाचा, चौदा ते साठ वयोगटातला एक. कुठलं घर तो एक म्हणून याला पाठवेल? आणि पाठवलाच असता तर वीस तासांत काय शिकला असता? ज्याला एक पायरी पक्की व्हायला महिना लागतो त्याच्यासाठी वीस तास म्हणजे प्रस्तावना. २०२२ ते २०२७ साठी आलेल्या 'उल्लास' या प्रौढ साक्षरता कार्यक्रमात पंधरा वर्षांवरील कुणालाही जागा आहे आणि त्यात डिजिटल व आर्थिक साक्षरता धरलेली आहे. अपंग हक्क कायद्याचं कलम १८ तर प्रौढ शिक्षणात अपंगांचा बरोबरीने सहभाग असला पाहिजे असं स्पष्ट म्हणतं.

जमवायचं म्हटलं तर इथे साधनं कमी नाहीत. कर्नाटकात ग्रामपंचायतीत ग्रामीण पुनर्वसन कार्यकर्ता असतो, बहुधा स्वतः अपंग. आज त्याचा वेळ अर्ज भरण्यात जातो. पंचायतीच्या वाचनालयांना आता अरिवु केंद्रं म्हणतात, पुष्कळ ठिकाणी संगणक आलेत. बौद्धिक अपंगत्वाची राष्ट्रीय संस्था, एनआयईपीआयडी, सिकंदराबादला १९८४ पासून आहे, बिदरपासून दीडशे किलोमीटरच्या आत. पुनर्वसन कार्यकर्त्यांना शिकवायला त्याहून जवळचं काय असेल? मराठी बोलणारे विशेष शिक्षक उदगीर-लातूरला आहेत आणि त्यांना सीमा ओलांडायला परवाना लागत नाही. कल्याण कर्नाटकासाठी अनुच्छेद ३७१(जे) आहे, विकास मंडळ आहे, रस्ते आणि इमारती होत असतात. त्यातून एका तालुक्यात एका शिक्षकाचं वर्षभराचं मानधन निघत नाही असं कुणी म्हणू नये.

ज्यांचं अपंगत्व तीव्र आहे, ज्यांना बोलता येत नाही, त्यांचं काय, हा प्रश्न शेवटी येतोच, आणि बहुतेक वेळा चर्चा संपवायला येतो. सगळ्यांना यूपीआय जमेल असा दावा मी करत नाही. काहींच्या बाबतीत डिजिटल कौशल्य म्हणजे बहिणीच्या फोटोवर बोट ठेवून तिला फोन लावणं एवढंच असेल. काहींसाठी ते आयआयटी मुंबईत तयार झालेल्या 'जेलो'सारख्या मोफत चित्र-अ‍ॅपवर 'भूक लागली' किंवा 'हे नको' सांगणं असेल. 'हे नको' सांगता येणं लहान कौशल्य वाटतं का? ज्याच्या वतीने तीस वर्षं दुसऱ्यांनीच 'हो' म्हटलंय त्याला विचारा.

म्हणून 'उल्लास'चा सर्वेक्षक जेव्हा मोबाइल घेऊन दारात येईल आणि घरात शिकायचं राहिलेलं कोण आहे असं विचारेल, तेव्हा आजीचं नाव सांगाल तसं याचंही सांगा, वय खरं सांगा, आणि त्याने "याला कशाला?" असं विचारलं तर कलम १८ त्याला वाचून दाखवा.